सामाईक भिंत : तिचा इतिहास आणि तिचा न्याय

घर दुरुस्तीस काढलें कीं पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा गवंड्याचा. शेजाऱ्याचा प्रश्न बहुधा तिसरा येतो, आणि तो येतो तेव्हां कुदळीचे दोन-चार घाव पडून चुकलेले असतात. मधली भिंत कोणाची, पागोळीचें पाणी कोणाच्या अंगणांत पडावयाचें, नवी खिडकी कोणत्या बाजूस काढावयाची, जोतें हातभर पुढें सरकलें तर तें कोणाच्या जागेंत गेलें, हे प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु त्यांपायीं सख्ख्या भावांनीं एकमेकांचें तोंड पाहावयाचें सोडलें आहे आणि दिवाणी दावे दोन दोन पिढ्या चालले आहेत. अशा तंट्यांना माणसांचे स्वभाव कारण असतात हें खरें. तथापि त्यांच्या मुळाशीं एक इतिहासहि आहे. शेताची हद्द आणि घराची हद्द या दोहोंकडे राज्यकर्त्यांनीं सारख्या नजरेनें क्वचितच पाहिलें, आणि त्या भेदाचीं फळें आजची गृहस्थमंडळी भोगीत आहेत.

हा इतिहास समजून घेण्यास बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे दोन तालुके फार सोयीचे आहेत. कर्जतचा मुलूख उल्हास नदीच्या खोऱ्यांतला, खालापूरचा पाताळगंगेच्या. कर्जत पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. तें १८९१ सालीं कुलाबा जिल्ह्यास जोडण्यांत आलें, आणि कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें. माथेरानचा डोंगर कर्जत तालुक्यांतच आहे, आणि तेथें वर्षाकांठीं सुमारें दोनशें इंच पाऊस पडतो. खालच्या सपाटीवर तो कमी असला तरी शंभर इंचांहून अधिक असतोच. ज्या प्रदेशांत आभाळ चार महिने इतकें पाणी ओततें, त्या प्रदेशांत घराची हद्द आधीं पाणी ठरवितें आणि मग माणूस.

येथील जुन्या घराची घडण पाहिली म्हणजे हें ध्यानांत येतें. गरिबाचें घर कुडाचें. डोंगरांतली कारवी आणून तिचे ताटे उभे करावयाचे व त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यावयाचा. ऐपतदाराचें घर दगडाच्या जोत्यावर उभें, भिंती मातींत बसविलेल्या दगडांच्या किंवा कच्च्या विटांच्या. वर उतरतें छप्पर. आरंभीं पेंढ्याचें अथवा नळ्यांचें, आणि १८६५ सालीं मंगळूर येथें बासेल मिशननें कौलांचा कारखाना काढल्यावर, पुढें आगगाडी आणि गलबतें यांच्या मार्गानें आलेल्या मंगलोरी कौलांचें. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट येई, कारण मातीच्या भिंतीस झड लागली कीं ती फुगते आणि कोसळते. पागोळी पडते तेथवर आपली जागा, असें खेड्यांतून आजहि सांगितलें जातें. या बोलण्यांत भूमितीपेक्षां अनुभव अधिक आहे. वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. तें पाणी शेजाऱ्याच्या जोत्याला मात्र खुशाल जाऊं शकतें, आणि तंट्याचा उगम तेथेंच होतो.

या तंट्याचें वय किती? आपल्या शास्त्रग्रंथांकडे पाहिलें तर तें फार मोठें दिसतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें हस्तलिखित १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आलें आणि १९०९ सालीं त्यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील तिसऱ्या अधिकरणांत घरांसंबंधीं एक स्वतंत्र अध्यायच आहे. घरादारांच्या वादांत शेजाऱ्यांची साक्ष हाच निर्णयाचा आधार, हें सूत्र तेथें प्रथमच सांगितलें आहे. परक्याच्या भिंतीपासून दोन हात जागा सोडून आपला पाया घालावा. पाणी वाहून नेणारा मार्ग उतरता व नीट वाहता ठेवावा. शेजारच्या दोन छपरांमध्यें चार अंगुळांचें अंतर असावें किंवा एकाचें छप्पर दुसऱ्यावर यावें, असे बारीक नियम त्यांत आहेत. बाळंतिणीसाठीं दहा दिवसांपुरतें कांहीं उभारावें लागलें, तर त्याला मात्र या नियमांतून सूट आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, घरांच्या मालकांनीं आपसांत विचार करून आपल्या सोयीनें बांधावें आणि जें दोघांनाहि अनिष्ट तें टाळावें, अशी मोकळीकहि तेथें दिलेली आहे. नियम कडक, पण दोघांची संमति त्याहून मोठी, हा विचार त्या काळींहि मान्य होता.

स्मृतिकारांनीं हेंच सूत्र पुढें चालविलें. मलमूत्राची जागा, सांडपाणी, चूल आणि खड्डा हीं परक्याच्या भिंतीपासून दोन हातांवर असावीं, असें कात्यायन सांगतो. वस्ती झाल्यापासून जें दार, जी मोरी, जी खिडकी चालत आली आहे तिला उपद्रव देऊं नये, असा बृहस्पतीचा कटाक्ष आहे. विज्ञानेश्वरानें इ. स. ११०० च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मिताक्षरा लिहिली. तींत सीमेचे चार प्रकार सांगतांना देश, गांव आणि शेत यांच्या पंक्तीस त्यानें घराची सीमा बसविली आहे. सीमेच्या खुणांवरून नारदाच्या मताप्रमाणें तिचे पांच प्रकारहि तो देतो. झाडांनीं ओळखली जाणारी ती ध्वजिनी, पाण्यानें ओळखली जाणारी ती मत्स्यिनी, जमिनींत पुरलेल्या वस्तूंनीं ओळखली जाणारी ती नैधानी, दोन्ही पक्षांच्या संमतीनें ठरलेली ती भयवर्जिता, आणि राजाज्ञेनें ठरलेली ती राजशासननीता. संमतीनें ठरलेल्या सीमेस ‘भयवर्जिता’ हें नांव ज्यानें दिलें, त्याला शेजारधर्म पुरता कळला होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

मनुस्मृतींतील नियम खेड्यांतील मनुष्यास आजहि ओळखीचे वाटतील. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर असे दीर्घायु वृक्ष लावावेत. तळीं, विहिरी, देवळें सीमेवर असावींत. आणि उघड्या खुणा नाहींशा होतात म्हणून कोळसे, खापऱ्या, भुसा, राख, हाडें, खडे असे न कुजणारे पदार्थ जमिनींत पुरून गुप्त खुणाहि ठेवाव्यात. सीमेच्या वादाचा निकाल ज्येष्ठ महिन्यांत करावा, कारण त्या वेळीं खुणा स्पष्ट दिसतात, असेंहि तेथें म्हटलें आहे. कोंकणच्या माणसास या सांगण्याचें मर्म समजावून सांगावयास नको. मृगाचा पाऊस एकदां लागला कीं गवत, चिखल आणि पाणी यांच्याखालीं बांधहि दिसत नाहीं व खुंटहि दिसत नाहीं.

मराठी राज्यांत गांवाचे दोन भाग मानले जात. पिकाऊ जमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. काळीचा हिशेब सरकार ठेवी, कारण सरकारचें उत्पन्न काळींतून येई. पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा आणि एकशें वीस बिघ्यांचा चावर, हें शिवशाहीच्या मोजणीचें माप सभासदानें नमूद केलें आहे. पांढरीस मात्र अशी काठी लागली नाहीं. तेथें घर कोठें संपतें हें पाटील, कुळकर्णी, जुनी मंडळी आणि शेजारी यांच्या स्मरणांत असे. वाद उपस्थित झाला तर गोत बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. गांवच्या शिवेच्या वादांत महाराची साक्ष फार मोलाची मानली जात असे, कारण गांवाच्या चहूंबाजूंच्या खुणा त्याला पाठ असत. ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेविलें त्याच्याच शब्दावर गांवाची सीमा ठरावी, हा त्या व्यवस्थेंतला विरोध विसरण्याजोगा नाहीं.

इंग्रजी अमलांत मोजणीची तऱ्हा पालटली. काळी-पांढरीचा भेद मात्र कायम राहिला. गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नवी मोजणी सुरू केली, आणि १८४७ सालच्या संयुक्त अहवालानें तिचे नियम ठरून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही साखळी घाट उतरून कोंकणांत आली. प्रत्येक शेतास नंबर मिळाला, हद्दीचे दगड रोंवले गेले, नकाशे निघाले. ही साखळी तेहतीस फुटांची होती, आणि तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आज मुंबईचा गृहस्थ कर्जतला ‘पांच गुंठे’ घेतों म्हणतो, तेव्हां तो नकळत त्याच साखळीची भाषा बोलत असतो. परंतु ही साखळी गांवठाणाच्या कडेपर्यंत येऊन थांबली. गांवठाणास नकाशावर एक वेढा पडला. आंतील घरांना सामान्यतः नंबर नाहींत कीं मापें नाहींत. कारण उघड आहे. सरकारास सारा हवा होता, आणि भिंतीवर भात पिकत नाहीं.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें शहरांतील व मोठ्या गांवांतील घरांच्या जागा मोजून सनदा देण्याची तरतूद केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें तीच पुढें चालविली. तरीहि लहान गांवठाणें बहुतेक न मोजलेलीं राहिलीं. घरमालकाजवळ कागद असे तो खरेदीखताचा, आणि त्यांत चतुःसीमा लिहिलेली असे: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची बखळ, उत्तरेस ओढा. अमका वारला, बखळीवर घर झालें, ओढा बुजला, म्हणजे त्या कागदांतून उरलें काय? ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहींत, म्हणजे नमुना नंबर आठमध्यें, घराचें नांव व क्षेत्र असतें. पण ती नोंद कर बसविण्यासाठीं असते, मालकी सिद्ध करण्यासाठीं नव्हे, आणि न्यायालयें तिला तेवढेंच वजन देतात.

शेताच्या नकाशावरून घराची भिंत ठरवूं पाहणारांसाठीं एक साधा हिशेब सांगण्याजोगा आहे. मैलास आठ इंच या प्रमाणाचा नकाशा घेतला, तर त्यावरील एक इंच म्हणजे जमिनीवरील सहाशें साठ फूट. अशा नकाशावर शाईची रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड असली, तर ती एकटी रेघच जमिनीवर तेरा फूट रुंद होते. नऊ इंचांच्या भिंतीचा न्याय अशा रेघेनें होणें शक्य नाहीं. भिंतीसाठीं भिंतीच्याच मापाची मोजणी पाहिजे.

जागेची मोजणी नसली तरी हक्कांचा कायदा मात्र आला. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ सालीं झाला आणि १८९१ सालीं तो मुंबई इलाख्यास लागू करण्यांत आला. ज्या गोष्टी कात्यायन-बृहस्पतींनीं धर्म म्हणून सांगितल्या, त्यांतील कित्येक येथें हक्क म्हणून पुन्हां भेटतात. उजेड, वारा, वाट, पाण्याचा मार्ग यांचा उपभोग वीस वर्षें शांतपणें, अखंड आणि हक्क म्हणून घेतला असेल तर तो हक्क पक्का होतो. शेजारच्या जमिनीचा आपल्या जमिनीस आधार मिळणें हा नैसर्गिक हक्क आहे. पण जमीन मोकळी असेल तेवढ्यापुरताच. तिच्यावर घराचा भार घातला, तर त्या भारासाठींचा आधार हा वीस वर्षांच्या उपभोगानें मिळवावा लागतो. शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार घेण्याचा हक्क असेल आणि ती भिंत ढासळली, तर शेजाऱ्याच्या जागेंत जाऊन ती दुरुस्त करण्याची मुभा कायदा देतो. मात्र शेजाऱ्यानें स्वतःच्या खर्चानें ती उभी करून द्यावी असें बंधन घालीत नाहीं. एखाद्या नगरांत चालीनेंच नव्या खिडक्यांना मनाई असेल, तर शेजारच्या घरांतील खाजगी भाग दिसेल अशी खिडकी काढतां येत नाहीं, हेंहि उदाहरण याच कायद्यांत दिलेलें आहे.

या कायद्यांतील एक कलम भाऊबंदकीच्या घरांसाठीं विशेष महत्त्वाचें आहे. सामाईक मिळकतीची वाटणी झाली, आणि एकाच्या हिश्श्याचा उपभोग दुसऱ्याच्या हिश्श्यांतील वाट, मोरी किंवा आधार यांवांचून होणेंच अशक्य असेल, तर तो अधिकार वाटणीपत्रांत लिहिला नसला तरी मिळतो. कोंकणांतील कितीतरी घरें अशींच वाटलेलीं आहेत. एका आढ्याखालीं एका बापाचें घर होतें. मुलांच्या काळीं माजघरांत आडवी भिंत पडली. नातवांच्या काळीं एका बाजूस कौलें राहिलीं आणि दुसऱ्या बाजूस सिमेंटचा स्लॅब आला. वाटणीची ती भिंत बांधतांना ती कोणाची हें लिहून ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं, कारण त्या वेळीं लिहून मागणें हें अविश्वासाचें लक्षण वाटलें.

सामाईक भिंत हा शब्द तरी एकाच अर्थाचा आहे काय? विलायतेंत १८८० सालीं वॉटसन विरुद्ध ग्रे या खटल्यांत न्यायमूर्ति फ्राय यांनीं त्याचे चार अर्थ वेगळे केले, आणि आपल्या न्यायालयांनाहि ते उपयोगी पडले आहेत. सबंध भिंत दोघांच्या अविभक्त मालकीची, हा पहिला. भिंतीच्या लांबीवरून मधोमध रेघ धरून अर्धी एकाची व अर्धी दुसऱ्याची, हा दुसरा. सगळी भिंत एकाची, पण दुसऱ्यास तिचा विभाजक म्हणून उपयोग करण्याचा हक्क, हा तिसरा. मालकी अर्धी-अर्धी, आणि प्रत्येक अर्ध्यावर दुसऱ्याचा आधाराचा हक्क, हा चौथा. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं आपली भिंत या चारांपैकीं कोणत्या जातीची आहे हें कळलें पाहिजे. पहिल्या जातीच्या भिंतीवर एकट्यानें मजला चढविला, तर दुसऱ्या सहमालकाच्या वांट्यावर तें आक्रमण होतें. तिसऱ्या जातीच्या भिंतीस परवानगीवांचून तुळईचें भोंक पाडलें, तर तें परक्याच्या मालमत्तेचें नुकसान ठरतें.

इतर देशांनीं हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनीं सोडविला. प्राचीन रोमच्या बारा पट्टांच्या कायद्यांत घराभोंवतीं अडीच फूट जागा मोकळी सोडण्यास सांगितलें होतें. म्हणजे सामाईक भिंतच नको. बाराव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरानें नेमका उलटा मार्ग धरला. शेजारच्या दोघांनीं प्रत्येकीं दीड फूट जागा द्यावी आणि दोघांच्या खर्चानें तीन फूट जाडीची, सोळा फूट उंचीची दगडी भिंत उभारावी, असा तेथील नियम होता. त्यामागें आगीचें भय होतें. १६६६ च्या प्रचंड आगीनंतर या भिंतींचे नियम अधिक काटेकोर झाले. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेनें दोन इमारतींमधील भिंत, उलट पुरावा नसेल तर, सामाईकच समजावी असें ठरवून टाकिलें. इंग्लंड व वेल्समध्यें १९९६ सालीं स्वतंत्र कायदा होऊन, सामाईक भिंतीस हात लावण्यापूर्वीं शेजाऱ्यास दोन महिन्यांची लेखी सूचना आणि जवळ पाया खणावयाचा असल्यास एक महिन्याची सूचना देणें बंधनकारक झालें. शेजाऱ्यानें हरकत घेतली तर मोजणीतज्ज्ञ निवाडा करितो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाहीं. सुखाधिकाराचा कायदा, बांधकामाच्या परवानगीचे नियम आणि दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम, एवढ्यांवरच आपलें काम भागवावें लागतें.

कर्जत-खालापूरच्या बाबतींत या जुन्या प्रश्नावर नव्या काळानें आणखी भार घातला. १८५६ सालीं आगगाडी कल्याणहून पळसदरीपर्यंत आली, १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा झाला, आणि १९०७ सालीं नेरळहून माथेरानची लहान गाडी सुरू झाली. आगगाडीनें आखीव हद्दीची कल्पना या खोऱ्यांत दाराशीं आणून ठेविली, आणि त्याच आगगाडीनें मुंबईचा गृहस्थहि आणला. पुढें मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग झाला व खालापूर दोन्ही शहरांच्या हाताशीं आलें. शेतांचे तुकडे पाडून घरांच्या जागा विकल्या जाऊं लागल्या. नव्या मालकाचें पहिलें काम कुंपणाची भिंत घालणें हें असतें. ज्या बांधावरून शेजारच्या भाताचें पाणी शंभर वर्षें खालच्या खाचरांत उतरत होतें, तो बांध आतां सहा फूट उंचीची अखंड भिंत झाला कीं वरचें शेत तुंबतें आणि खालचें सुकतें. शेतजमिनीवरील पाण्याच्या स्वाभाविक ओघास आलेला असा अडथळा दूर करण्यासाठीं मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा आहे. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो. पुष्कळ शेतकऱ्यांना ही मुदत संपल्यानंतरच ती होती हें समजतें.

याच प्रदेशांत हद्दीच्या प्रश्नाची दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती अधिक करुण आहे. डोंगराच्या पायथ्याच्या कित्येक कातकरी वाड्या परक्याच्या नांवच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आहेत. तेथें भिंत कातकऱ्याची, तिचा कूड त्यानें विणलेला, तिचें सारवण त्याच्या बायकोच्या हातचें. खालची जमीन मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर दुसऱ्याची. जमिनीचे भाव चढले तसें या वाड्यांवर उठवणुकीचें संकट आलें. अशा घरास पक्की भिंत घालावयाची म्हटलें तर हरकत शेजाऱ्याची येत नाहीं, जमीनमालकाची येते. गांवठाणाची हद्द वाढवून अशी वस्ती त्यांत घेण्याचा अधिकार महसूल संहितेनें जिल्हाधिकाऱ्यांस दिलेला आहे. तो जेथें वापरला गेला नाहीं, तेथें घराची दुरुस्ती हाच एक खटला होऊन बसतो.

गांवठाणाच्या वेढ्याबाहेर थांबलेली साखळी अखेर आंत शिरली ती विमानाच्या रूपानें. पुणें जिल्ह्यांतील सोनोरी या गांवीं ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारची स्वामित्व योजना जाहीर झाली. घरांच्या कडांवर चुन्याच्या खुणा करावयाच्या, वरून छायाचित्रें घ्यावयाचीं, त्यांवरून नकाशा करावयाचा आणि घरमालकास सनद व मालमत्तापत्रक द्यावयाचें, अशी ही पद्धति आहे. काळीच्या मागून जवळ जवळ पावणेदोनशें वर्षांनीं पांढरीचा हिशेब होत आहे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या साधनाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. आकाशांतून छप्पर दिसतें. छपराखालची भिंत दिसत नाहीं. एका आढ्याखालीं दोन भावांचीं बिऱ्हाडें असतील, तर मधली रेघ यंत्रास दिसणार नाहीं. ती चुन्यानें आंखून दाखवावी लागते. ती आंखण्याच्या दिवशीं जो घरमालक हजर नसेल, त्याची रेघ दुसरा कोणी आंखील. मुंबईंत राहणाऱ्या कर्जतकर-खालापूरकरांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

आतां भिंतीकडेच पाहूं. जुनी दगडमातीची भिंत बहुधा दोन पदरांची असते. दोन्ही बाजूंस घडीव तोंडाचे दगड, मध्यें मातींत दडपलेली भर, आणि दोन पदर बांधून ठेवणारे कांहीं आरपार लांब दगड. अशा भिंतीचा अर्धा भाग आपला म्हणून सोलून काढला, तर उरलेला अर्धा भाग आपल्या पायांवर उभा राहत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें भिंत मधोमध दुभागतां येते. गवंड्याच्या दृष्टीनें ती एकच आहे. तसेंच पायाचें. शेजारच्या पायाहून खोल चर त्याच्या कडेनें सलग खणला कीं त्याच्या पायाखालची माती चरांत सरकते. म्हणून असा चर तीन-चार फुटांच्या तुकड्यांनीं, एक आड एक खणावा आणि पहिला तुकडा भरून पक्का झाल्यावरच दुसऱ्यास हात घालावा, हा बांधकामाचा जुना नियम आहे. कौलें उतरवून स्लॅब घातला कीं पाण्याची दिशा बदलते. पूर्वीं दोन अंगांस विभागून पडणारें पाणी एका नळींतून एका जागीं कोसळूं लागतें. ती नळी आपल्या हद्दींत उतरवून गटारापर्यंत नेणें हें बांधणाराचें काम आहे, शेजाऱ्याचें नव्हे.

एवढा इतिहास पाहिल्यावर घर दुरुस्त करणारानें काय करावें हें निराळें सांगावयास फारसें उरत नाहीं. प्रथम जुनें खरेदीखत, वाटणीपत्र आणि मालमत्तापत्रक काढून वाचावें. गांवठाण मोजलेलें असेल तर भूमिअभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्यावी, आणि मोजणीच्या वेळीं शेजाऱ्यास हजर ठेवावें. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या नियमांप्रमाणें घ्यावी. मात्र ती परवानगी म्हणजे शेजाऱ्याची संमति नव्हे हें विसरूं नये. काम सुरू होण्यापूर्वीं भिंतीची, तिच्या जुन्या भेगांसह, दोघांसमक्ष छायाचित्रें घेऊन त्यांवर तारीख घालावी. नव्या भेगा कोणत्या व जुन्या कोणत्या याविषयींचा निम्मा वाद तेथेंच मिटतो. पाया व छप्पर उघडण्याचें काम पावसापूर्वीं पुरें होईल अशा बेतानें आरंभावें.

आणि सर्वांत शेवटीं जें ठरलें तें लिहून काढावें. लिहून देण्यास पुष्कळ लोक कचरतात. एकदां सही केली तर आपला हक्क कायमचा गेला, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः बरेच वेळां स्थिति उलट असते. परवानगीनें घेतलेला उपभोग कितीहि वर्षें चालला तरी तो हक्क म्हणून घेतलेला उपभोग होत नाहीं. न बोलतां सोसलेला उपभोग मात्र वीस वर्षांनीं हक्क होऊन समोर उभा राहतो. ‘ही भिंत अमक्याची असून तमक्यानें त्याच्या परवानगीनें तींत तुळया टेंकविल्या आहेत’ एवढें एक वाक्य दोघांच्या सह्यांनीं लिहिलेलें असेल, तर देणाराची मालकी राखली जाते आणि घेणाराचें कामहि होतें. शास्त्रकारांनीं जिला भयवर्जिता म्हटलें ती सीमा हीच. पिंपळ वठतो, ओढा बुजतो, खुंट उपटले जातात आणि साक्षीदार एक एक करून निघून जातात. शेजाऱ्यांनीं एकत्र बसून लिहिलेला कागद मात्र त्यांच्या नातवंडांच्या उपयोगी पडतो.